‘स्प्लांख्निझोमाय’: शुभवर्तमानांतील कळवळ्याचे क्रियापद

प्रश्न असा आहे: “चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक 10:33) ‘त्याला कळवळा आला’ असे म्हटले आहे. तेथील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘आतडी हलणे’ असा होतो, असे उपदेशात ऐकले. हे बरोबर आहे का? आणि बरोबर असेल, तर त्यावरून देवाविषयी काही सिद्धान्त मांडता येतो का?”

पहिल्या भागाचे उत्तर ‘हो, पण’ असे आहे आणि दुसऱ्याचे ‘हो, पण वेगळ्या वाटेने’ असे. ‘स्प्लांख्निझोमाय’ हे क्रियापद ‘स्प्लांख्ना’ म्हणजे शरीराच्या आतील अवयव या नामापासून झाले आहे, हे निर्विवाद आहे. तरीही शब्द कशापासून झाला हे सांगितल्याने तो लूकच्या लेखणीतून उतरताना काय सांगत होता हे आपोआप ठरत नाही. हा इशारा बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी 1961 मध्येच पुरेशा कठोरपणे देऊन ठेवला आहे, आणि नव्या कराराचे ग्रीक शिकवताना मला तो दर वर्षी नव्याने द्यावा लागतो. या क्रियापदाचे धर्मशास्त्रीय वजन आतड्यांतून येत नाही. ते कोणाच्या बाबतीत वापरले आहे, कशाच्या पाठोपाठ येते आणि त्याच्यामागून काय घडते, यांतून ते येते.

तरी मुळापासून पाहू. अभिजात ग्रीकमध्ये ‘स्प्लांख्ना’ म्हणजे मुख्यतः हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे असे छाती-पोटातील भरीव अवयव. खालच्या आतड्यांना ‘एन्टेरा’ हा वेगळा शब्द होता. त्यामुळे काटेकोरपणे बोलायचे तर ‘आतडी’ हे भाषांतर जरा खाली सरकलेले आहे, ‘काळीज’ अधिक जवळचे. यज्ञात पशू कापल्यावर हे अवयव काढून सळईवर भाजत आणि यज्ञात प्रत्यक्ष भाग घेणारे लोक ते सर्वांत आधी खात. यहुद्यांच्या धर्मछळाची हकिकत सांगणाऱ्या दुसऱ्या मक्काबी ग्रंथात (6:8) या क्रियापदाचे कर्तरी रूप नेमक्या याच अर्थाने आले आहे: यहुद्यांना यज्ञातील हे मांस खायला लावावे, असा तेथे सांगितलेला हुकूम होता. म्हणजे येशूच्या काळाच्या जेमतेम शे-दीडशे वर्षे आधी हेच क्रियापद एका यहुदी लेखकाच्या हातात धर्मछळाची खूण होते. व्युत्पत्तीवर सगळा भार टाकणाऱ्यांनी या वचनापाशी जरा थांबावे. ग्रीक नाट्यकवींनीही ‘स्प्लांख्ना’ हा शब्द भावनांसाठी वापरला, पण तेथे तो रागाचा आणि उद्दाम आवेगाचाही ठाव होता. मृदुपणाशी त्याचे लग्न अजून लागलेले नव्हते.

ते लग्न यहुदी घरात लागले. हिब्रूत ‘रेखेम’ म्हणजे गर्भाशय आणि ‘रखमीम’ म्हणजे करुणा. आपल्या बोलण्यातला ‘रहम’ हा अरबीतून आलेला शब्द याच धातूचा भाऊबंद. पहिल्या राजांच्या पुस्तकात (3:26) शलमोन बाळाचे दोन तुकडे करायला सांगतो, तेव्हा खऱ्या आईचे ‘रखमीम’ आपल्या लेकरासाठी पेटून उठतात. उत्पत्तीत (43:30) बन्यामिनाला पाहून योसेफाचे तेच होते आणि तो रडायला आतल्या खोलीत जातो. यिर्मयात (31:20) तर देव स्वतःच एफ्राइमाविषयी म्हणतो की माझी आतडी त्याच्यासाठी कळवळतात. परंतु गंमत अशी की या हिब्रू ग्रंथांचे जे प्राचीन ग्रीक भाषांतर झाले, त्याने यासाठी ‘स्प्लांख्ना’ जवळजवळ वापरलेच नाही. शलमोनासमोरच्या आईचे ‘गर्भाशय हलले’ असे त्याने लिहिले, योसेफाची ‘एन्टेरा पिळवटली’ असे लिहिले, आणि इतरत्र बहुतेक ठिकाणी दया, करुणा असे सर्वसाधारण शब्द योजले. ‘रखमीम’साठी ‘स्प्लांख्ना’ सापडते ते नीतिसूत्रे 12:10 सारख्या एखाद्या ठिकाणी, आणि तेही दुष्टांचे अंतःकरण निर्दय असते हे सांगताना.

कुलपतींच्या म्हणजे याकोबाच्या बारा पुत्रांच्या मृत्युपत्रांमध्ये मात्र चित्र पालटलेले दिसते. हा मुळात यहुदी परंपरेतला, पण पुढे ख्रिस्ती हातांतून आपल्यापर्यंत आलेला ग्रंथ आहे. त्यातील जबुलूनाच्या मृत्युपत्रात हे क्रियापद पुन्हा पुन्हा येते, ते विकलेल्या योसेफाविषयी, उघड्या-नागड्या गरिबाविषयी. तेथेच (8:2) असेही म्हटले आहे की शेवटच्या दिवसांत देव आपले ‘स्प्लांख्नोन’ पृथ्वीवर पाठवतो. शुभवर्तमानांतील शब्दाचे खरे शेजारी हे आहेत, यज्ञातले सळईवरचे मांस नव्हे.

आता नवा करार. हे क्रियापद त्यात 12 वेळा येते आणि बाराही वेळा पहिल्या तीन शुभवर्तमानांतच: मत्तयात 5, मार्कात 4, लूकात 3. योहानात ते नाही, पौलाच्या पत्रांत नाही, प्रकटीकरणात नाही. या 12 पैकी 9 ठिकाणी कळवळा येशूचा आहे. यांत मार्क 9:22 हे भूतग्रस्त मुलाच्या बापाने येशूला केलेल्या विनवणीतले आहे. उरलेली 3 ठिकाणे येशूने सांगितलेल्या दाखल्यांतली: दहा हजार तालांतांचे कर्ज सोडणारा धनी (मत्तय 18:27), शोमरोनी (लूक 10:33) आणि उधळ्या पुत्राचा बाप (लूक 15:20). शिष्यांना कळवळा आला, लोकसमुदायाला कळवळा आला, पेत्राला किंवा मार्थेला आला, असे या क्रियापदाने एकदाही म्हटलेले नाही. दया करणे, कीव येणे यांसाठी ग्रीकमध्ये दुसरी क्रियापदे होती आणि शुभवर्तमानकारांनी ती माणसांसाठीही वापरली. हे मात्र त्यांनी राखून ठेवले. असा राखीवपणा ठरवून पाळला की आपसूक झाला हे सांगणे कठीण आहे, पण तीनही लेखकांत तो अभंग राहिला आहे, आणि माझ्या मते सिद्धान्त मांडायचा तर पाया म्हणून घ्यायचा तो हाच.

व्याकरणाविषयी एक गोष्ट, कारण उपदेशांत तिचाही गैरवापर होतो. ‘एस्प्लांख्निस्थे’ (कळवळा आला) हे रूप दिसायला कर्मणी आहे, त्यामुळे ‘त्याला देवाने हलवले’ असा गूढ अर्थ काढला जातो. त्यात तथ्य नाही. रागावणे, भिणे, दुःखी होणे या अर्थांची कितीतरी ग्रीक क्रियापदे भूतकाळात हेच रूप घेतात. भावना ही करायची कृती नसून माणसावर येणारी गोष्ट आहे, एवढेच ते रूप दाखवते. येथे मराठी वाचक भाग्यवान आहे, कारण आपण ‘त्याला राग आला’, ‘तिला भीती वाटली’ असेच बोलतो. मराठी पवित्र शास्त्रातील ‘त्याला कळवळा आला’ ही रचना ग्रीक रूपाला ज्या सहजतेने बसते, तशी ‘त्याने दया केली’ ही बसत नाही. शिवाय ‘कळवळा’ या शब्दाला वारकरी परंपरेने आईच्या लेकराविषयीच्या निर्हेतुक ओढीशी जोडून ठेवले आहे, आणि ‘रखमीम’च्या मागचे गर्भाशय त्यात न सांगता येते. भाषांतरकारांनी हा शब्द निवडला यात मला मोठी समज दिसते.

या क्रियापदाचा सर्वांत महत्त्वाचा वापर शोमरोन्याच्या दाखल्यात नसून नाईन गावच्या वेशीत आहे, असे माझे मत आहे. लूक 7:11-17 सावकाश वाचा. एक मृत मुलगा बाहेर नेला जात आहे. तो आईचा एकुलता एक होता आणि ती विधवा होती. ती काही मागत नाही, विश्वास प्रकट करत नाही, येशूकडे पाहतही नाही. तेराव्या वचनात लूक लिहितो: “तिला पाहून प्रभूला तिचा कळवळा आला.” या वाक्यात ‘प्रभू’ हा शब्द नीट पाहावा. आतापर्यंत इतरांनी येशूला प्रभू म्हणून हाक मारली होती, पण निवेदक म्हणून बोलताना लूकने त्याला नुसते ‘प्रभू’ म्हटले ते येथे प्रथमच. आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द परमेश्वराच्या नावाच्या जागी येतो. पुढे सोळाव्या वचनात लोक भयभीत होऊन म्हणतात की देवाने आपल्या लोकांची भेट घेतली आहे.

हे दोन धागे, कळवळा आणि भेट, लूकने आधीच एकत्र विणून ठेवले होते. पहिल्या अध्यायात जखऱ्याच्या स्तोत्रात (1:78) तो आपल्या देवाच्या ‘स्प्लांख्ना एलेऊस’विषयी म्हणजे दयेने भरलेल्या काळजाविषयी बोलतो, आणि त्याच श्वासात वरून येणाऱ्या अरुणोदयाने आपली भेट घेण्याविषयी बोलतो, ‘भेट घेणे’ हे तेथील क्रियापद आणि नाईनच्या लोकांच्या तोंडचे क्रियापद एकच आहे. स्तोत्रात जे देवाचे काळीज होते ते नाईनच्या वेशीत येशूच्या ठायी हलले, आणि लोकांनी नकळत जखऱ्याचेच शब्द उच्चारले. लूक येथे कोणताही सिद्धान्त उघडपणे मांडत नाही. पण परमेश्वराची करुणा आणि येशूची करुणा या दोन गोष्टी नाहीत, हे तो शब्दांच्या मांडणीतून जितके घट्ट सांगतो तितके एखादे सूत्रवाक्यही सांगू शकले नसते. तुमच्या प्रश्नातला ‘देवाविषयीचा सिद्धान्त’ मी या जागी ठेवेन.

या पार्श्वभूमीवर शोमरोनी पाहिला की त्याचे वाक्य वेगळे वाजते. याजक वाटेत जखमी पडलेल्या माणसाला ‘पाहून’ दुसऱ्या बाजूने गेला, लेवी ‘पाहून’ दुसऱ्या बाजूने गेला, शोमरोन्याला ‘पाहून’ कळवळा आला. तिघांचे पाहणे एकाच कृदन्ताने लिहिले आहे, म्हणजे माहितीत तिघांच्यात काडीचा फरक नव्हता. नाईनलाही आधी पाहणे आहे आणि उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही बाप त्याला दुरून पाहतो. लूकच्या तिन्ही ठिकाणी क्रम एकच: पाहिले, कळवळा आला, हालचाल झाली. शोमरोन्याच्या बाबतीत ती हालचाल लूकने जवळजवळ हिशेबाच्या वहीसारखी नोंदवली आहे: जवळ गेला, तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत आणले, काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी दोन दीनार म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी काढून दिली, आणि वर जास्त खर्च झाल्यास परत येताना फेडण्याचे कबूल केले. शेवटी शास्त्र्याला जेव्हा शेजारी कोण हे सांगावे लागते, तेव्हा तो ‘ज्याला कळवळा आला तो’ असे म्हणत नाही. ‘ज्याने त्याच्यावर दया केली तो’ असे म्हणतो, आणि येशू ते सुधारत नाही. उलट “जा आणि तूही तसेच कर” असे म्हणतो. आत काय हलले हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही. जखम बांधलेली दिसते.

प्राचीन ख्रिस्ती गुरूंनी शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी असे रूपक लावले होते. ऑरिजेन ते आपल्या आधीच्या एका वडीलधाऱ्याचे म्हणून सांगतो. आधुनिक टीकाकार त्यावर हसतात, आणि दोन दीनारांनाही गूढ अर्थ चिकटवला जातो तेव्हा मलाही हसू येते. तरीही जे क्रियापद लूक एरवी फक्त प्रभूसाठी आणि देवाच्या प्रतिमेतल्या बापासाठी वापरतो, ते त्याने एका तुच्छ मानलेल्या परक्याला दिले, हे लक्षात घेतले तर त्या रूपकाला अगदीच निराधार म्हणवत नाही.

मत्तयात कळवळ्याचा परिणाम दर वेळी बदलतो: रोगी बरे होतात, भाकरी वाढली जाते, आंधळ्यांच्या डोळ्यांना स्पर्श होतो, आणि 9:36 मध्ये तर पीक फार व कामकरी थोडे असे म्हणून बारा जणांना पाठवण्याची तयारी सुरू होते. मार्क 6:34 मध्ये मेंढपाळ नसलेल्या मेंढरांचा कळवळा येऊन येशू आधी काय करतो? त्यांना शिकवू लागतो. भाकरी नंतर येते. जे लोक सेवाकार्य आणि शिक्षण यांत भांडण लावतात त्यांना हे वचन अडचणीचे आहे.

मत्तय 18 मधल्या दाखल्याकडे मात्र अधिक वेळ द्यावा लागेल. दासाचे कर्ज दहा हजार तालांत आहे. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, म्हणजे एकूण सहा कोटी दिवसांची मजुरी. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो की गालील व पेरिया मिळून हेरोद अंतिपाला वर्षाला 200 तालांत महसूल मिळे. त्या मानाने हे एका राज्याचे पन्नास वर्षांचे उत्पन्न झाले. दास कर्जमाफी मागतच नाही, तो मुदत मागतो आणि सगळे फेडण्याचे अशक्य वचन देतो. धन्याला कळवळा येतो (27) आणि तो मागितलेले सोडून न मागितलेले देतो. मग हाच दास शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो, आणि चौतिसाव्या वचनात त्याच धन्याला राग येतो. ग्रीकमध्ये हे दोन्ही शब्द एकाच साच्यातली कृदन्ते आहेत: ‘स्प्लांख्निस्थेइस’ आणि ‘ऑर्गिस्थेइस’, कळवळून आणि रागावून. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही हीच जोडी आहे: बापाला कळवळा येतो (15:20), थोरल्याला राग येतो (15:28). पहिल्या दाखल्यात राग कळवळ्याच्या बाजूने उभा आहे, कारण दासाने मिळालेली दया पुढे जाऊ दिली नाही. दुसऱ्यात तो कळवळ्याच्या विरोधात दाराबाहेर उभा आहे. देवाचा क्रोध आणि देवाची करुणा यांना दोन वेगळ्या देवांचे गुण मानण्याची चूक फार जुनी आहे, आणि मत्तयाचा हा एकच धनी तिला पुरेसे उत्तर देतो.

हीच जोडी एका अवघड पाठभेदातही समोर येते. मार्क 1:41 मध्ये कुष्ठरोगी गुडघे टेकतो आणि येशू ‘कळवळून’ हात पुढे करतो, असे बहुतेक सर्व हस्तलिखितांत आहे. बेझा नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे पाचव्या शतकातील हस्तलिखितात आणि काही जुन्या लॅटिन प्रतींत मात्र ‘रागावून’ आहे. काही आधुनिक संपादक व भाषांतरकार हा दुसरा पाठ स्वीकारतात. त्यांचे म्हणणे वजनदार आहे: नकलकार रागाचा कळवळा करील, कळवळ्याचा राग कशाला करील? शिवाय मत्तय आणि लूक हीच हकिकत सांगताना कोणतीच भावना लिहीत नाहीत. मार्कात कळवळा असता, तर एरवी तो शब्द सहसा जपणाऱ्या मत्तयाने तो येथे का गाळला असता? दुसऱ्या बाजूने पाहता मार्क 3:5 मधला येशूचा राग नकलकारांनी निमूटपणे तसाच ठेवला आहे, मग येथेच त्यांना तो का खुपावा? आणि एका हस्तलिखिताच्या व काही भाषांतरांच्या बळावर बाकी सगळी ग्रीक परंपरा बाजूला सारणे मला धाडसाचे वाटते. म्हणून मी ‘कळवळून’ हाच पाठ वाचतो. परंतु या वचनावर कोणताही सिद्धान्त उभारू नये, असे विद्यार्थ्यांना बजावतो. उरलेली 11 ठिकाणे त्यासाठी भक्कम आहेत.

राहिला प्रश्न देवाच्या निर्विकारतेचा, कारण ‘देवाची आतडी हलली’ असे म्हणताच तो उभा राहतोच. शुभवर्तमाने लिहिली जात होती त्याच शतकात स्टोइक पंथाचा रोमन तत्त्वज्ञ सेनेका सम्राट नेरोला उद्देशून लिहीत होता की क्षमाशीलता हा राजाचा सद्गुण आहे, पण दुसऱ्याच्या दुःखाने व्याकूळ होणे हा मनाचा दुबळेपणा आहे. स्टोइक विचारात शहाणा माणूस मदत करतो, हेलावत नाही. अशा जगात प्रभू हेलावला असे लिहिणे हे साधे काम नव्हते. पुढे मंडळीने ग्रीक तत्त्वज्ञानाची भाषा वापरून देवाला विकार नाहीत असे म्हटले, तेव्हा तिला देव दगड आहे असे म्हणायचे नव्हते; ग्रीक पुराणांतील देवांप्रमाणे तो वासनांच्या हातचे बाहुले नाही, एवढे म्हणायचे होते. अलेक्झांड्रियाचा सिरिल ‘दुःखातीत असून त्याने दुःख सोसले’ अशा विरोधाभासी शब्दांत हे मांडत असे, आणि 451 मधल्या खाल्किदोनच्या परिषदेने ख्रिस्त या एकाच व्यक्तीत देवाचा आणि माणसाचा असे दोन स्वभाव, मिसळ न होता आणि फाळणी न होता, असे म्हटल्यावर त्या विरोधाभासाला चौकट मिळाली. 1972 मध्ये जर्मन धर्मशास्त्री यर्गेन मोल्टमान यांनी देव स्वतःच सोसतो असे ठामपणे मांडले, तेव्हापासून वाद पुन्हा तापला आहे. माझे मत इतकेच, की ‘स्प्लांख्निझोमाय’ हे क्रियापद या वादाचा निकाल लावत नाही. ते त्याला एक मर्यादा घालून देते: नाईनच्या वेशीत जो हेलावला त्याला लूक प्रभू म्हणतो, तेव्हा तो कळवळा येशूच्या मानवी अर्ध्यावर टाकून देवपणाला त्यापासून कोरडे ठेवण्याची सोय उरत नाही.

शेवटी एक व्यावहारिक मुद्दा. हे क्रियापद शिष्यांना आज्ञा म्हणून कधीही दिलेले नाही. मत्तय 18:33 मध्ये धनी दासाला विचारतो ते ‘तुलाही कळवळा यायला नको होता का’ असे नव्हे. तेथे दया करण्याचे साधे क्रियापद आहे. पौल नामाचा वापर करतो, आणि त्याने तो फिलेमोनाला लिहिलेल्या एका पानाच्या पत्रात तीनदा केला आहे: पवित्र जनांची काळजे तुझ्यामुळे विसावली (7), अनेसिमाला म्हणजे माझ्या काळजालाच मी परत पाठवतो (12), तेव्हा आता माझे काळीज विसावू दे (20). पळून गेलेल्या दासाला पुन्हा कसे स्वीकारावे हे ठरवताना त्याचा धनी फिलेमोन याला त्या तिन्ही वाक्यांची साखळी चुकवता येत नाही. कलस्सैकरांस 3:12 मध्ये तो हेच नाम वस्त्रासारखे अंगावर घालायला सांगतो, आणि योहानाच्या पहिल्या पत्रात (3:17) भावाची गरज पाहूनही जो आपले ‘स्प्लांख्ना’ त्याच्यासमोर बंद करतो, त्याच्या ठायी देवाची प्रीती कशी राहील, असा प्रश्न आहे. तेथेही आधी पाहणेच आहे, आणि हा प्रश्न ज्याच्याजवळ संसाराची साधने आहेत अशाच माणसाला विचारला आहे.